तिसरा थांबा

ते पायपुसणं मी उचललं नसतं, तर आज हे सगळं खुर्चीत बसून लिहिलं असतं. सध्या आडवा पडून लिहितोय. उजवा पाय दोन उशांवर आहे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, आणि त्या प्लास्टरवर अण्णांनी बॉलपेनने लिहून ठेवलंय, 'सुरक्षित अंतर ठेवा.'

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी. छत्तीस वर्षं बस चालवली आणि त्यांच्या हातून कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही. त्याबद्दल मिळालेलं पितळी पदक कपाटात आहे. आई गेल्यापासून ते आमच्याच इमारतीत, तळमजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत एकटे राहतात. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

मी एका कचेरीत तपासणी विभागात आहे. आता तपासणी म्हणजे मी कुठे जाऊन काही तपासतो असं नाही हं. दुसऱ्यांनी तपासून आणलेल्या याद्यांमध्ये सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा आहेत की नाहीत, तेवढं बघतो. बावीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही रिकामा रकाना पुढे गेलेला नाही. रकान्यामागची इमारत उभी आहे की पडली, हा प्रश्न दुसऱ्या विभागाचा.

तर झालं असं, की त्या मंगळवारी अण्णा दाराशी पायपुसण्याला अडखळले. पडले नाहीत. अडखळले, पायपुसण्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि आत गेले. पण शेजारच्या मावशींनी ते पाहिलं, आणि मावशींनी पाहिलं की ते जगाने पाहिल्यासारखंच असतं. दहा मिनिटांत ताईचा फोन. ताई माझी थोरली बहीण, एका मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन आहे. ती फोनवर बोलायला लागली की मी आपोआप उठून उभा राहतो.

"अण्णा पडले?"

"पडले नाहीत गं. नुसते अडखळले."

"आज अडखळले, उद्या पडतील. मी रविवारी येते आणि घर बघते. सेफ वाटलं नाही तर अण्णांना माझ्याकडे घेऊन जाते. यावर चर्चा नको."

ताईचं घर वाईट नाही. पण अकराव्या मजल्यावर, आणि दिवसभर सगळे कामावर. अण्णा एकदा तिथे आठ दिवस राहिले होते. परत आल्यावर मी विचारलं, कसं काय वाटलं? तर म्हणाले, "डेपोत लावून ठेवलं होतं मला."

आणि खरं सांगतो, माझाही स्वार्थ होता. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून रोज संध्याकाळी कचेरीतून येताना मी आधी तळमजल्यावर थांबतो. अण्णा दोन-दोन चमचे साखर घालून चहा करतात, आम्ही दोघं तो पितो, आणि वर कुणाला पत्ता लागू देत नाही. चहाचं सोडा. पण त्या वीस मिनिटांत मला कुणी काही विचारत नाही, मागत नाही, सुनावत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नुसता मुलगा म्हणून बसायला तेवढीच एक जागा उरली होती, आणि आता तीही जाणार होती.

म्हणून मी ठरवलं, पायपुसणं उचलायचं. बस्, एवढंच.

पण पायपुसणं कुठे ठेवावं हे बघायला मी मोबाइल उघडला आणि घात झाला. 'वृद्धांच्या घरातील दहा धोके' बघितलं, तर खाली 'आणखी पंधरा धोके' होतं. ते बघितलं तर 'हे सोळा धोके तुम्हाला कुणीच सांगणार नाही' म्हणून एक बाई सांगायला तयार बसल्या होत्या. शुक्रवार संध्याकाळपर्यंत माझी एक्केचाळीस बाबींची यादी तयार झाली. अनुक्रमांक, बाब, पूर्तता, शेरा असे चार रकाने. कडा लाल शाईने आखलेल्या.

"अण्णांना विचारलंत का?" बायकोने यादी बघून विचारलं.

"सुरक्षितता विचारून करायची नसते."

"कुकरची शिट्टी दुरुस्त केलीत तेव्हाही असंच म्हणाला होतात."

"तो अपवाद होता."

"छतावर अजून डाग आहे त्या अपवादाचा."

(लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की बायको भांडत नाही. नुसती वर बोट दाखवते.)

शनिवारी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे बागेतल्या बाकावर इतर निवृत्त ड्रायव्हरांबरोबर बसायला गेले. ते दहाला जातात आणि एकला येतात. माझ्याकडे तीन तास होते आणि दुसरी किल्ली होती.

बाब क्रमांक एक, पायपुसणं. उचललं, खूण केली. बाब क्रमांक सात, 'चालण्याच्या वाटेतील फर्निचर हटवा.' आता अण्णांच्या खोलीत फर्निचर कसं मांडलेलं होतं म्हणता? दारापाशी एक उंच स्टूल. चार पावलांवर आईचं शिलाई मशीन. खोलीच्या ऐन मध्यावर एक जुनी लाकडी खुर्ची, जिच्यात मी कुणाला कधी बसलेलं पाहिलं नाही. पुढे पत्र्याचं कपाट, तेही भिंतीला धरून नाही, अर्धं बाहेर आलेलं. म्हणजे बाथरूमला जायचं तर माणसाने नागमोडी जावं! एवढी वर्षं बस चालवून यांना घरात रस्ता मोकळा ठेवता येत नाही, याची मला कीव आली.

कपाट ढकलून कोपऱ्यात घातलं. स्टूल वर आमच्या घरी नेलं. मशीन वर नेलं. तीन मजले शिलाई मशीन नेऊन बघा, म्हणजे आपल्या पूर्वजांनी कपड्यांशिवाय का दिवस काढले ते कळेल. खुर्ची उचलायला वाकलो तर कंबरेतून असा काही आवाज आला, की मी तसाच वाकलेला दारापर्यंत गेलो. बाहेर भंगारवाला ओरडत चालला होता. दिली त्याला. खूण केली.

मग बाथरूम. आधाराचा दांडा आणला होता, पण भिंतीला भोकं नकोत म्हणून चिकटवायचा. फरशीवर घालायची रबरी मॅटही आणली. तिची एक बाजू गुळगुळीत होती आणि दुसऱ्या बाजूला छोट्या छोट्या वाट्या. वाट्यांची बाजू मी वर ठेवली, पायाला पकड मिळावी म्हणून. यादीत 'मॅट घालणे' एवढंच होतं, कुठली बाजू वर ते नव्हतं. खूण केली. शेवटी एक बटण, गळ्यात घालायचं. ते दाबलं की माझा मोबाइल मीच रेकॉर्ड केलेल्या आवाजात ओरडणार. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस! बावीस वर्षं दुसऱ्यांच्या खुणा तपासल्या, आज पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या होत्या. मला अगदी भरून आलं.

एक वाजता अण्णा आले. चप्पल काढताना त्यांचा उजवा हात सवयीने बाजूला गेला आणि हवेत राहिला. त्यांनी हाताकडे पाहिलं. मग दोन पावलं टाकली, हात पुन्हा पुढे केला, तिथेही काही नाही. खोलीच्या मध्यावर येऊन ते थांबले ते थांबलेच.

"माझे थांबे कुठे गेले?"

"कसले थांबे?"

"अरे, दारात स्टूल, मग मशीन, मग खुर्ची, मग कपाट, की बाथरूम. चार थांब्यांचा रूट आहे माझा. चार-चार पावलं टाकायची आणि हात टेकायचा. गुडघा गेला त्या वर्षी मीच आखला, इंच इंच मोजून."

मी यादीकडे पाहिलं. शेऱ्याच्या रकान्यात यासाठी जागा नव्हती.

"अण्णा, वाटेत अडथळे नसावेत असं तज्ज्ञ म्हणतात."

"तज्ज्ञाचा गुडघा कसा आहे?"

आता माघार घ्यायची म्हणजे सात नंबरची खूण खोडायची. मी म्हणालो, "ताई उद्या येतेय. एवढं सामान मध्ये बघितलं तर ती दारातच नापास करेल. एक दिवस कळ काढा."

अण्णा हळूच म्हणाले, "ती न्यायला येतेय होय?" मी मान हलवली. त्यांनी भिंत धरली आणि खोलीभर एकदा नजर फिरवली. "मला इथून जायचं नाही रे," एवढंच म्हणाले. मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "ठीक आहे. एक दिवस नवा रूट. पण खुर्ची कुठाय?"

"वर आहे," मी म्हणालो. (माणूस एकदा खोटी खूण करायला शिकला की जीभही तसंच करते.)

रविवारी अकराला ताई आली. दरवाजा, दिवे, गॅस, औषधांची डबी, सगळ्यांवरून नजर फिरली. माझी यादी तिने एका मिनिटात वाचून खाली ठेवली.

"कागद राहू दे. अण्णा, दारापासून बाथरूमपर्यंत चालून दाखवा."

अण्णा निघाले. गळ्यात बटण, मान ताठ, उजवा हात किंचित पुढे. पहिल्याच पावलाला तो हात चाचपडायला लागला. ताईच्या कपाळावर आठी पडली. आता हात टेकायला काही मिळालं नाही तर अण्णा लडखडणार, आणि संध्याकाळपर्यंत अकराव्या मजल्यावर!

मी धावलो आणि स्टुलाच्या जागी उकिडवा बसलो. अण्णांचा हात माझ्या टाळूवर पडला. ते तसेच पुढे निघाले. मी बसल्या बसल्या बेडकासारखा सरकत मशीनच्या जागी गेलो.

"तू काय करतोयस?" ताईने विचारलं.

"व्यायाम. डॉक्टरांनी सांगितलाय."

"घरी कधी करत नाहीत," दारात उभी असलेली बायको म्हणाली.

खुर्चीच्या जागी मी ओणवा होऊन एक कोपर वर धरलं. "छान," अण्णा ओठातल्या ओठात पुटपुटले, "वेळेवर धावतेय गाडी." कपाटाच्या जागी ताठ उभा राहिलो. खांद्यावर हात टेकून अण्णा पार झाले! आता फक्त बाथरूम. दाराशी त्यांना माझा हात मिळावा म्हणून मी पुढे होऊन आत उडी मारली, ती थेट मॅटवर.

वाट्या वर होत्या, गुळगुळीत बाजू ओल्या फरशीवर. मॅट निघाली. मॅटबरोबर मी निघालो. जाता जाता दांडा धरला, तर तोही भिंत सोडून माझ्याबरोबर आला. ('चोवीस तास वजन देऊ नये' असं त्याच्या खोक्यावर होतं. हे मी नंतर, हॉस्पिटलातून आल्यावर वाचलं.) बादली, मी, दांडा आणि पाय, असे आम्ही चौघे एकदम खाली आलो.

अण्णांनी शांतपणे गळ्यातलं बटण दाबलं.

लगेच माझ्या खिशातून माझाच आवाज ओरडायला लागला, "सावधान! वडिलांना मदतीची गरज आहे! ताबडतोब पोहोचा! सावधान!"

"पोचलोय मी!" मी विव्हळलो.

"मग ऊठ," अण्णा म्हणाले. पण माझा पाय बघितला आणि त्यांचा आवाज बदलला. "कुणी हलवू नका त्याला." चौकट धरून ते खाली बसले, छत्री मागवली, दोन टॉवेल मागवले, आणि माझा पाय छत्रीला असा पक्का बांधला की मेट्रनला त्यात एक गाठ बदलता आली नाही. सगळा वेळ एक हात माझ्या खांद्यावर होता. "घाबरू नकोस रे, मी आहे," म्हणत होते. मी रडलो. पाय दुखत होता म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलंय.

हॉस्पिटलातून परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. सहा आठवडे जिना बंद, म्हणजे मुक्काम तळमजल्यावर. ताईला आणि बायकोला मी सगळं कबूल केलं. दोघींनी मशीन आणि स्टूल खाली आणलं, कपाट पुन्हा बाहेर ओढलं, आणि अण्णा दारापासून निघाले. ठक, ठक, ठक. स्टूल, मशीन, आणि मध्यावर हात हवेत.

"खुर्ची?"

मी सांगितलं. अण्णांनी हवेतला हात खाली घेतला. ताई मात्र हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, "अण्णा, तुम्ही इथेच राहा. तुमची मला काडीची काळजी नाही." मग अण्णांच्या गळ्यातलं बटण काढून माझ्या गळ्यात घातलं आणि बायकोकडे वळली. "याला मात्र एकटा सोडू नकोस. सुधारला नाही तर याला घेऊन जाते."

त्याला आता अकरा दिवस झाले. माझी खाट अण्णांनी स्वतः मोजून लावली आहे, खोलीच्या ऐन मध्यावर, माझं डोकं बरोबर खुर्चीच्या पाठीच्या जागी येईल अशी. दिवसातून दहा वेळा ते ठक ठक करत येतात, माझ्या टाळूवर हात टेकतात आणि पुढे जातात. संध्याकाळचा चहाही मिळतो. पण बायको समोर बसलेली असते, त्यामुळे बिनसाखरेचा.

काल त्यांचे बाकावरचे ड्रायव्हर मित्र मला बघायला आले होते. एकाने विचारलं, "काय अण्णा, मुलाचा आता आधार झाला म्हणायचा?"

अण्णांनी माझ्या डोक्यावर हात टेकून जरा दम घेतला.

"चालतंय," ते म्हणाले. "पण खुर्ची बरी होती. बोलत नव्हती."