हरवलेल्या ‘टिंग’ची चौकशी

कोणतंही यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करण्याआधी समिती नेमावी. यंत्र बिघडलेलं राहिलं तरी समाज सुधारतो. रत्नागिरीने हे २००३ सालीच ओळखलं होतं.

मिरकरवाड्याच्या चढावर वजीरभाईंचं दुकान होतं (झेरॉक्स, लॅमिनेशन, एसटीडी-आयएसडी, आणि मागच्या अंगाला इंटरनेट). तिथल्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर चॅटचा प्रोग्रॅम होता आणि मेसेज आला की तो ‘टिंग’ असा वाजायचा. एका शुक्रवारी तो वाजेना. त्या दिवशी नेमलेल्या चौकशी समितीचा चिटणीस या नात्याने मी, हरिश्चंद्र, हा अहवाल नम्रपणे सादर करतो.

प्रकरण गंभीर होतं. रझियाचाचींच्या अद्नानला, जो दोह्याला नोकरीत होता, चिपळूणची इरम सांगून आली होती. फोटो दोह्याला पोचला होता, नवऱ्या मुलाचा फक्त होकार यायचा होता. मुलीकडच्यांनी मुदत दिली होती शुक्रवार, संध्याकाळी पाच. पाचनंतर ते दापोलीच्या स्थळाला हो म्हणणार होते. अद्नान दर शुक्रवारी तीनच्या सुमारास चॅटवर यायचा. चाचींना इंग्रजी अक्षरं येत नसत, म्हणून रीत अशी ठरली होती की टिंग झालं की चाचींनी हाक मारायची आणि वजीरभाईंनी झेरॉक्स सोडून वाचून दाखवायचं.

तीन वाजले. सव्वातीन वाजले.

“वजीर, तुझ्या मशिनीचा घसा बसला काय रं?” चाची म्हणाल्या. त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

ताबडतोब समिती स्थापन झाली. अध्यक्ष वजीरभाई, कारण मशीन त्यांचं. तांत्रिक सदस्य भिकाजी, रेडिओ दुरुस्तीचा तीस वर्षांचा अनुभव (लोकांचे कित्येक रेडिओ अजून त्याच्याकडेच आहेत). आणि चिटणीस मी, कारण मी रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आलो होतो आणि माझ्याकडे पेन होतं.

मागच्या वायरी नीट दिसाव्यात म्हणून सर्वप्रथम मॉनिटरचं तोंड भिंतीकडे करण्यात आलं. मग काम सुरू झालं. स्पीकरवर एकूण चौदा थापा मारण्यात आल्या, पैकी नऊ डाव्या बाजूला. दोनदा फुंकर मारण्यात आली. स्पीकर उघडल्यावर आत एक वाळलेली पाल मिळाली. ती पुरावा म्हणून लॅमिनेट करावी की काय, यावर सात मिनिटं चर्चा झाली. कॉम्प्युटर बंद करून परत चालू करावा, अशीही सूचना आली. परत चालू होईल याची हमी कोणी घेईना, म्हणून ती फेटाळली.

स्पीकर पुन्हा जोडून भिकाजीने गाण्याची सीडी लावून पाहिली. गाणं खणखणीत वाजलं.

“म्हणजे आवाज आहे, पण येत नाय,” भिकाजी म्हणाला. हा निष्कर्ष एकमताने मंजूर झाला.

“अरे, ह्यो फोन हाय ना हितं! लाव की दोह्याला!” चाची कळवळून म्हणाल्या. फोन हातभर अंतरावर होता. परंतु समितीचा विषय आवाज हा होता, अद्नान नव्हे. सूचना नोंदवून घेण्यात आली.

“पाच मिन्टं, चाची. होतंच आलंय,” अध्यक्ष म्हणाले. असं ते सहा वेळा म्हणाले.

पावणेपाचला प्राथमिक शाळेच्या मथुराबाई वेळापत्रकाचं लॅमिनेशन करायला आल्या. त्यांना समितीवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी मॉनिटर सरळ केला आणि विचारलं, “हे बिझी कोणी लावलंय?”

इथे थोडा खुलासा आवश्यक आहे. हा प्रोग्रॅम सुरू करताच विचारतो, तुम्ही अव्हेलेबल की बिझी? वजीरभाईंनी दुपारी चाचींना त्याचं सरळ मराठी करून सांगितलं, “रिकामी लिहू का?” चाची भडकल्या होत्या. “मी रिकामी? सकाळधरनं म्हावरं निवडलंय, नऊ माणसांचं रांधलंय, आणि रिकामी लिवतोस मेल्या? बिझी लिव!” वजीरभाईंनी लिहिलं. आणि बिझी माणसाला टिंग करून त्रास द्यायचा नाही, अशी त्या प्रोग्रॅमची सभ्यता होती (ही सभ्यता आमच्या गावात अजून माणसांपर्यंत आलेली नाही).

पडद्यावर सतरा मेसेज होते. वजीरभाईंनी वाचायला घेतलं. तीन वाजून चार मिनिटं, ‘अम्मी, इरम पसंत आहे. हो सांग.’ तीन दहा, ‘अम्मी?’ तीन वीस, ‘अम्मी, बिझी आहेस?’ मधले मेसेज याच धर्तीचे. शेवटचा साडेचारचा होता. ‘तू बिझी लावून बसलीस, म्हणजे तुला ती नको आहे. समजलो. तिच्या भावाला चॅटवर नकार पाठवून निघतो.’

“या खुदा! माझ्या हातानं पोराचा संसार बुडवला गो मथुरे!” चाचींनी मटकन खालीच बसकण मारली. चिटणीस या नात्याने मी वेळ नोंदवून घेतली, चार पन्नास.

मथुराबाईंनी समितीला न विचारता चिपळूणला फोन लावला. इरमच्या भावाने, फहादने उचलला.

“नकार? कसला नकार?” तो म्हणाला. “मी चॅट उघडंच ठेवतो, पण बिझी लावून. टिंग होत नाही, बघायला कोण जातंय?”

“पण तू करतोस काय?” मथुराबाईंनी विचारलं.

“काही नाही. कॉलेज सुटून दोन वर्षं झाली. म्हणून काय गावाला रिकामा दिसू?”

पाचला तीन मिनिटं कमी होती. चाचींनी रिसीव्हर हिसकावून घेतला आणि ओरडून होकार दिला. इतक्या मोठ्याने, की खाली जेटीवरचा मासळीचा लिलाव क्षणभर थांबला.

निकाह झाला. समितीला पहिल्या पंगतीचा मान मिळाला, तो तिने निःसंकोच स्वीकारला. यंत्रात कोणताही दोष आढळला नाही, असा निर्वाळा देऊन समिती विसर्जित झाली.

मिरकरवाड्याचं तुम्हाला हसू आलं असेल. येऊ दे. एवढंच नमूद करतो की हा अहवाल हाती घेतल्यापासून तुम्हाला घरातून दोन हाका आल्या, आणि दोन्ही वेळा तुम्ही मान वर न करता ‘हो हो’ म्हणालात. कशाला हाक मारली होती, सांगा बघू.