नेच्याच्या ठशाचे अंडे आणि बाल्तोजींची मोहीम

फादर एलिसेओ, श्टोनेग गावच्या देवळाचे नवे धनी, यांनी सेवकास पुसले की, बाल्तोजी स्लाविएरो यांच्या फळीवर, पणजोबांच्या तसबिरीशेजारी, काचेच्या पेल्याखाली अंड्याचे फुटके टरफल काय म्हणोन ठेविले आहे? तरी ते नुसते टरफल नव्हे, ते एका मोहिमेचे निशाण होय, आणि त्या दिवशी सेवक जातीने हजर होता, पायांस तीन फोड आले होते, सबब जे घडले ते पदरचे काही न घालता लिहितो. घातलेच तर थोडके घातले आहे.

स्वर्गारोहणाच्या सणाआधी गावाने क्रूस पुढे घालोन अकरा कोसांची शीव पायी फिरावी, कुरणांस व गुरांस आशीर्वाद मागावा, आणि वाटेत बायकांनी मनास येईल त्या पुरुषास उकडलेले रंगीत अंडे द्यावे, ऐसा आमच्याकडील वडिलांपासोनचा रिवाज. भाऊ, भाचा, शेजारी यांस साधे तांबडे. परंतु अंडे कांद्याच्या सालीत उकडताना वर पान बांधोन त्याचा ठसा उमटविला, तर त्याचा अर्थ सारा गाव जाणतो आणि वर्षभर चघळतो. आणि अंडे मागोन घेणे म्हणजे अब्रूस पाणी सोडणे. मागितलेले अंडे मोजणीत धरीत नाहीत.

बाल्तोजी एकसष्ट वर्षांचे, चीज करणारांत नामांकित, लग्नाच्या बाबतीत कोरे. एकोणचाळीस वेळा शीव फिरले आणि बहिणीच्या तांबड्या अंड्यापलीकडे काही लाभले नाही, आणि मग बहीणही वारली आणि तेही बंद जाहले. ऐशात चाळिसाव्या साली एप्रिलात समोरच्या उतारावरील विधवा, मातोश्री नव्हे, अजून चांगल्या ताठ चालणाऱ्या कातिनाबाई वेल्लार, जातीनिशी त्यांच्या दगडी भिंतीपाशी येत्या जाहल्या.

“बाल्तो, तुमच्या भिंतीवरचं एवढंसं नेचं नेते हं. एक अंडं करायचंय.”

“न्या की,” बाल्तोजी म्हणाले. “भिंतच न्या सगळी.”

त्या दिवसापासोन बाल्तोजींचे चित्त थाऱ्यावर नाही. एका चिजेस दोनदा मीठ घातले आणि दुसरीस घातलेच नाही, आणि ती दुसरी सेवकाच्या घरी आली.

मग शीव फिरण्याच्या दोन दिवस आधी म्युनिक शहराहून हेर (म्हणजे जर्मनांचे श्रीयुत, जासूद नव्हे) लुडविग ओबरमायर, टपालखात्यातोन निवृत्त, दाखल जाहले. त्यांचा मनोदय ऐसा की, त्यांच्याकडील लोक कैक शतकांमागे ह्या पठारावर येऊन राहिले, त्यांची जुनी चिंब्री बोली अजून कोणाच्या तोंडी असेल ती कानाने ऐकावी आणि यंत्रात भरोन न्यावी. ज्याच्या त्याच्या तोंडासमोर यंत्र धरीत आणि म्हणत, बोला. आता मागितल्यावर कोण बोलतो? सारे इटालियनमध्ये हवापाण्याचे बोलले. बिचारे दोन दिवस हवापाणीच भरीत राहिले.

कूच करण्याच्या प्रातःकाळी थंडगार पाऊस लागला आणि पाहुणे बोडक्या डोक्याने कुडकुडत उभे. बाल्तोजी मोठ्या मनाचे. आपली कोंबड्याच्या पिसाची हिरवी टोपी आणि मेणकापडाचा कोट उतरवोन पाहुण्यांच्या अंगावर चढविला आणि आपण जुनी शाल घेतली. सेवकाचे मत विचाराल तर ह्या मोहिमेत चूक जाहली ती हीच.

तिसऱ्या विसाव्यास बायकांनी टोपल्या उघडल्या. कातिनाबाईंचा चष्मा जाड भिंगांचा, आणि सणाच्या दिवशी तो खणात राहावा ऐसा त्यांचा कायदा. त्यांनी लांबून हिरवी टोपी ओळखिली, कोट ओळखिला, धीर करोन पुढे जाहल्या, खाली मान घालोन नेच्याच्या ठशाचे अंडे त्या कोटवाल्या हातात दाबले, आणि लाजोन परत रांगेत जाऊन स्तोत्र म्हणो लागल्या. पाहुण्यांनी त्यांच्या पाठीकडे पाहोन वाकोन आभार मानिले.

बाल्तोजींनी दहा पावलांवरोन हे पाहिले आणि चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा त्यांचे परम स्नेही बोर्तोलो, घंटा वाजविणारे, यांनी बाजूस घेऊन मसलत केली.

“अरे, टोपी बघून दिलंय तिनं! तुझी टोपी!”

“मग सांग जाऊन तिला.”

“मी? वेडा की काय! गावादेखत तिला चष्मा लाव म्हणू? आणि तू तरी माग त्याच्याकडून.”

“पाहुण्याकडे अंडं मागू? चाळीस वर्षं मागितलं नाही, ते आता मागू?”

मग ठरले ऐसे की, न मागता गनिमी काव्याने किल्ला घ्यावा. प्रथम बाल्तोजींनी दोन वर्षे मुरविलेल्या चिजेचा अख्खा तुकडा नजर केला, ह्या भरवशावर की भल्या माणसाने उलट काही द्यावे. पाहुण्यांनी चीज घेतली आणि हात हलविला. मग बोर्तोलोंनी आपल्या भाच्यांकडील तीन तांबडी अंडी पुढे करोन, आमच्यात अदलाबदल करतात, ऐसे बेधडक खोटे सांगितले. पाहुण्यांचे डोळे भरोन आले. “किती माया करता हो तुम्ही लोक!” म्हणोन तीनही अंडी खिशात घातली आणि बदली पोस्टाची तिकिटे दिली. फौजेचे हाल विचारू नयेत. चीज गेली, कुमक गेली, आणि किल्ला जागच्या जागी.

दोन प्रहरी कुरणात पंगत बसली. सालामी निघाली, दारूचे बुधले फिरले. पाहुणे शिवेच्या उभ्या दगडी फरशीला टेकोन बसले, आणि चार अंड्यांतोन नेमके नेच्याचे काढिले, आणि फरशीवर टक्क करोन मारिले.

तो बाल्तोजी उठले. आणि आजीबरोबर मातीत गेली ऐसी जिची सर्वांची समजूत, ती जुनी बोली त्यांच्या तोंडोन तोफेसारखी सुटली.

“ठेव ते खाली, मेल्या! टोपी माझी! कोट माझा! भिंतीवरचं नेचं माझं! अंडं माझं! आणि ती बाई...”

येथे तोफ बंद पडली.

पाहुणे शिव्या खात आहेत की प्रसाद, हे त्यांस ठाऊक नाही. अंडे एका हाती, यंत्र दुसऱ्या हाती, गालांवर आसवे, आणि विनविताहेत की कृपा करोन पुन्हा एकदा. इतक्यात बायकांच्या पंगतीतोन त्याच बोलीत जबाब आला.

“हां, बोला ना पुढं. ती बाई काय? टोपीचं झालं, कोटाचं झालं, बाईच्या वेळी बरी दातखीळ बसली!”

बाल्तोजी शाल चुरगळीत उभे. “ती बाई,” म्हणाले, “चष्मा लावत नाही.”

“चष्मा लावून नीट पाहिलं असतं, तर तुमच्यासाठी अंडं केलं असतं का मी?”

सारे कुरण हसोन लोळले, म्हणजे बोली कळत होती सर्वांसच. कातिनाबाई मात्र उठोन पाहुण्यांच्या नाकापर्यंत गेल्या, टोपीखाली पाहिले, “अगं बाई!” म्हणाल्या, आणि कानापर्यंत लाल जाहल्या. मग दिलेली वस्तू परत घेण्याचा हक्क देणारीचाच, त्या हक्काने अंडे काढोन घेतले, तेथेच सोलिले, मीठ लाविले, आणि अर्धे बाल्तोजींच्या हाती देऊन अर्धे आपण खाल्ले. बाल्तोजींनी ते खाल्ले आणि खाली पडलेले टरफल वेचिले. ते रडत होते, हे सेवकाने जवळोन पाहिले, आणि आपणही थोडे रडलो, ते फोडांमुळे.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तह ऐसा की, यंत्रातील शिव्या पाहुण्यांच्या, टोपीही पाहुण्यांची, तिकिटे बोर्तोलोंची, टरफल बाल्तोजींचे. लग्न सप्टेंबरात, गुरे डोंगरावरोन उतरल्यावर, लागले. पुढील साली शिवेची फेरी निघाली, बायकांनी टोपल्या उघडल्या, आणि बाल्तोजींस कोणीही अंडे दिले नाही, कारण आपल्या नवऱ्यास अंडे देण्याची आमच्यात चाल नाही. रिकाम्या हातांनी अकरा कोस चालले, आणि आम्हां सर्वांत तेच एकटे वाटभर हसत होते.