निकेशची तपासणी आणि मधली मयुरी

"तपासणी? हॅट! दहा मिनिटांत मॅडमले चहा पाजून वापस धाडतो!" निकेशनं सकाळीच जाहीर करून टाकलं.

आता ऐका! सिंदी मेघेतला आपला निकेश म्हणजे छोटा ठेकेदार. सरकारी योजनेत मोठ्या ठेकेदारानं त्याला वर्षभर मार्गदर्शन करायचं होतं. तपासणीत पास, तर शाळेच्या भिंतीचं काम पक्कं. नापास, तर नोंदणीच रद्द! आणि कम्प्युटरनं मार्गदर्शक कोण लावून दिला? समोरच्याच घरातले प्रभाकरराव! निकेशच्या लग्नात त्यांना मानाचा शेला द्यायचा राहून गेला होता. तेव्हापासून चार वर्षं कडक अबोला! पण मार्गदर्शन चालू होतं बरं का. निकेशच्या बायकोमार्फत, मयुरीमार्फत!

तपासणीला आलेल्या शाल्मली मॅडम वही उघडून बसल्या. "हं, करा सुरू."

प्रभाकररावांनी छताकडे पाहिलं. "सूनबाई, तुह्या नवऱ्याले इचार, पाया किती खोल घेतला?"

"मयुरी, काकांले सांग, तीन फूट."

"त्याले सांग, काळी माती हाय थे! पावसाळ्यात भिंत लोटांगण घालन!"

मॅडमची मान टेबलफॅनसारखी फिरायला लागली. "अहो, तुम्ही दोघं एकमेकांशी का बोलत नाही?"

दोघंही एकदम मयुरीकडे वळले. "मॅडमले सांग, बोलतो ना आमी!"

"थेट बोला! माझ्यासमोर!"

निकेशनं जोर लावला. "का... का... का..." थंडीतल्या स्कूटरसारखा फुरफुरला अन् बंद पडला!

मॅडम वैतागल्या. "बरं, मीच विचारते. काँक्रीटला पाणी किती दिवस मारायचं?"

निकेशनं सवयीनं बायकोकडे पाहिलं.

"सात दिवस तरी," मयुरी बोलून गेली.

"आणि काळ्या मातीत पाया?"

"मुरूम लागेपर्यंत खोदायचा. यायले तीनदा सांगितलं, मॅडम, आयकतच नाईत!"

मॅडमचं पेन धावायला लागलं. निकेश गोंधळून कधी पेनकडे, कधी बायकोकडे पाहतोय! शेवटी मॅडमनी अहवाल वाचून दाखवला: "मार्गदर्शन उत्तम. शिष्या मयुरीबाई पास. त्यांच्या नावानं नोंदणी करून काम द्यावं. निकेश नावाचे गृहस्थ मधेमधे बोलत होते."

"मॅडम, पण ठेकेदार मी हावो!"

तेवढ्यात प्रभाकरराव चार वर्षांत पहिल्यांदा थेट निकेशकडे वळले. "अबे, पाहून काय राह्यला? ठेकेदारीणबाईले पानी आन!"

अन् काय सांगू! काकांचं ते मार्गदर्शन निकेशनं जागच्या जागी पाळलं.