मोटारसायकलची आंघोळ

जयवंत कुबल "मी करतो" म्हणाला की समोरच्यानं आपली वस्तू उचलून चालू पडावं, असा मरोळच्या जाणकारांचा सल्ला होता. गिल्बर्टला तो कोणी दिला नाही, हे त्याचं दुर्दैव!

जयवंत कंपनीत तपासणी खात्यात होता. दुसऱ्यांनी घडवलेला माल हातात घ्यायचा, मापायचा आणि "छ्या!" म्हणून परत पाठवायचा, ही त्याची नोकरी. दिवसभर लोकांच्या चुका काढल्या की माणसाला वाटायला लागतं, आपल्या हातून चूक होणं शक्यच नाही. घरात त्यानं आजवर एकच खिळा ठोकला होता. त्यावर टांगलेलं कॅलेंडर खिळ्यासकट आणि थोड्या भिंतीसकट खाली आलं. पण तो दोष भिंतीचा होता, असं त्यानं तपासून ठरवलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी तो मरोळ गावठाणात, गिल्बर्टच्या ओट्यावर बसला होता. गिल्बर्ट त्याच्याच कंपनीतला, जुना दोस्त. समोर अंगणात गिल्बर्टच्या वडलांची, म्हणजे ह्युबर्ट अंकलची मोटारसायकल उभी होती. लढाई संपल्यावर मायदेशी निघालेल्या कुणा गोऱ्या सोजिराकडून घेतलेली.

"ऐक ना मॅन," गिल्बर्ट म्हणाला, "जानेवारीत पप्पा-मम्माच्या लग्नाला चाळीस वर्षं होतात. लग्नाच्या दिवशी पप्पानं मम्माला चर्चमधून घरी या गाडीवर आणली. गावठाणात सगळ्यांच्या वराती बैलगाडीतून, यांची मोटारसायकलवरून! आता पप्पाला परत तसंच यायचंय. दुसरं काय नको म्हणतो."

कोपऱ्यात बसलेल्या ह्युबर्ट अंकलनी मान डोलावली. तेवढ्यात आतून सेराफिना आंटी कडाडल्या, "मी नाय बसायची त्या खटाऱ्यावर! मागच्या वेळेला खड्ड्यात अशी आपटली, की दोन दिवस पाटावर बसता येईना. पुढनं नीट करा, मग बघू!"

अंकलचा चेहरा पडला. गिल्बर्ट हळूच म्हणाला, "इंजिन टकाटक आहे रे. पुढचं सगळं गेलंय. हँडल जाम, शॉकअप बसलेले, तेल कधीच गळून गेलं. अंधेरीचा मेकॅनिक म्हणतो, पार्ट मिळत नाय, ठेवून जा, बघू."

"मेकॅनिक?" जयवंतनं असं तोंड केलं, जणू चहात माशीच पडली. "या एवढ्याशा कामाला मेकॅनिक? पुढचं सगळं मी करतो! घरी बसून!"

"तू?"

"गिल्बर्टा, आंटी त्या गाडीवर पाळण्यात बसल्यासारख्या येतील. शब्द आहे कुबलांचा!"

ह्युबर्ट अंकल उठले आणि त्यांनी जयवंतचा हात दोन्ही हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. तिथंच जयवंतला पहिल्यांदा किंचित घाम फुटला, पण शब्द तर गेला होता.

काम अंगणात करायची सोय नव्हती. कारण ख्रिसमससाठी पाळलेली बदकं जमिनीवर ठेवलेला वायसर न वायसर गिळत होती. तेव्हा हँडल, दिवा, शॉकअप, मडगार्ड असं मोटारसायकलचं अख्खं डोकं उतरवून जयवंतच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी न्यायचं ठरलं. ग्रीस लागू नये म्हणून गिल्बर्टनं ते पांढऱ्या चादरीत गुंडाळलं. एक पुढून, एक मागून, असे दोघं पांढऱ्या चादरीतलं ते लांबडं ओझं घेऊन गावठाणातून निघाले. वाटेत शेजारच्या नलिनी मावशींनी घाबरून विचारलं, "काय झालं रे?"

"पप्पाची..." गिल्बर्टला धाप लागली होती, "पप्पाची वाट लागली मावशी, नंतर सांगतो!"

संध्याकाळी अर्धं गावठाण खाली मान घालून ह्युबर्ट अंकलच्या दारात! कुणी मेणबत्ती आणली, कुणी शहाळी. दार खुद्द अंकलनीच उघडलं. नलिनी मावशी जागच्या जागी बसल्या. अंकलना काही उमगलं नाही, पण माणसं प्रेमानं आली आहेत म्हणून त्यांनी सगळी शहाळी पिऊन टाकली.

इकडे जयवंतनं शॉकअपचं झाकण पान्यानं फिरवायला घेतलं. आत स्प्रिंग दाबून बसवलेली असते, ही गोष्ट तो मापतपासणीत कधी शिकला नव्हता. झाकण सुटलं, स्प्रिंग उसळली, फिरत्या पंख्याला लागली, आणि पंख्यानं ती स्वयंपाकघरात पाठवली. "छपाक्" असा आवाज आला. मग हातातल्या डावावर स्प्रिंग घेऊन सुगंधा बाहेर आली. सुगंधा म्हणजे जयवंतची बायको. एरवी ती मुंबईचं मराठी बोलायची, पण संतापली की थेट मालवणात पोचायची.

"ह्या काय हाडलास तुमी? आमटीत स्प्रिंगो? घराचा ग्यारेज केलास!"

"हलू नको!" जयवंत ओरडला. पण ती हललीच, तिचा पाय जमिनीवरच्या ताटलीला लागला, आणि हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटमधले, ताटलीत काढून ठेवलेले सगळे छर्रे घरभर सांडले! पुढचे कितीतरी दिवस त्या घरात कोणी सरळ चाललं नाही. पाहुणा दारातून आत आला की थेट पलंगावरच पोचायचा. तांदूळ निवडताना खड्याच्या जागी छर्रा निघायचा. पण सुगंधा मनानं चांगली. अंकलची हकिगत कळल्यावर तीच गुडघ्यांवर बसून कपाटाखालचे छर्रे झाडूनं काढायला लागली.

अखेर सगळं जुळलं आणि परत नेऊन गाडीवर चढवलं. राहिलं फक्त शॉकअपचं तेल. अंधेरीच्या दुकानदारानं दिलेलं तेल जयवंतनं बोटावर घेतलं आणि "छ्या! पाणी आहे पाणी!" म्हणून परत केलं. जुन्या गाडीला अंगानं भरलेलं तेल हवं! विचार करत तो घरी आला, आणि फळीवरच्या डब्यावर त्याची नजर पडली. आईनं गावाहून पाठवलेलं घाण्याचं खोबरेल! दाट, शुद्ध, सुवासिक. कुबलांच्या घराण्यात हे तेल डोक्याला, गुडघ्याला, कुरकुरणाऱ्या दाराला, तान्ह्या पोराला आणि शेवटच्या आजारात म्हाताऱ्याला, सगळ्यांना चालत आलं होतं. मोटारसायकलला का चालू नये?

चाललं! नुसतं चाललं नाही, झकास चाललं! ऑक्टोबरच्या त्या उन्हात गिल्बर्टनं गाडी मरोळ नाक्यापर्यंत नेऊन आणली आणि उतरून जयवंतला मिठी मारली. "लोणी आहे मॅन, लोणी!"

"कुठलं तेल घातलं, ते विचारू नकोस," जयवंत म्हणाला. "घराण्याचं गुपित आहे."

मग त्याची मान काही खाली येईना. कंपनीत कोणाचाही माल परत पाठवताना तो सांगायचा, "काम कसं असावं, ते गावठाणात जाऊन बघा!"

जानेवारी उजाडला, लग्नाचा वाढदिवस आला, आणि त्या दिवशी अशी थंडी पडली की मरोळच्या लोकांनी ट्रंकेतून डांबराच्या गोळ्यांसकट स्वेटर बाहेर काढले. जयवंत आंघोळीला निघाला होता.

"अगं, तेल कुठाय?"

"गॅलरीत, उन्हात ठेवलंय बाटलीत. थिजलंय."

"काय थिजलंय?"

"तेल हो! खोबरेल! दर थंडीत थिजतं, आजच बघताय काय?"

जयवंत गॅलरीत गेला. बाटलीत पांढराशुभ्र दगड! त्यानं बाटली उलटी केली. थेंब पडला नाही. जन्मापासून दर थंडीत ही बाटली उन्हात ठेवलेली त्यानं पाहिली होती. तो कोकणातला माणूस! घाटावरच्यानं ही चूक केली असती तर एक वेळ माफ होती.

"मेलो!" एवढंच तो म्हणाला, आणि टॉवेलवर पँट चढवून पळत सुटला.

चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सुरू होती. सगळं घराणं आत, पहिल्या बाकावर गिल्बर्ट. बाहेर भिंतीच्या गार सावलीत, झेंडूच्या माळा घालून मोटारसायकल पहाटेपासून उभी! जयवंतनं हँडल दाबलं. हललं नाही. सगळं वजन टाकून दाबलं. शॉकअप तसाच राहिला, जयवंतची कंबर तेवढी लचकली. या गाडीवर आंटी पहिल्या खड्ड्याला उडणार, दुसऱ्याला उतरणार, आणि अंकल घरी एकटेच पोचणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. स्वतःच्या अब्रूपेक्षाही त्याला अंकलचे ते भरून आलेले डोळे आठवत होते.

बाजूच्या मांडवात जेवणाच्या तयारीचं पाणी मोठ्या हंड्यात उकळत होतं. जयवंतनं बादली भरली, धावत आला आणि तांब्यानं शॉकअपवर ओतायला लागला. मागोमाग सुगंधा पोचली. डब्यातलं खोबरेल कुठं गेलं, ते तिला ठाऊक होतं; तिनं घरून भरून आणलेली गरम पाण्याची रबरी पिशवी काढली आणि झेंडूच्या माळेखाली शॉकअपला बांधली.

"काय करतो रे पोरा?" मागून आवाज आला. सिसिलिया! सेराफिना आंटींची धाकटी बहीण, आणि गावठाणाचं आकाशवाणी केंद्र.

खरं सांगायची सोय नव्हती. "आंघोळ घालतोय," जयवंत पुटपुटला. "गाडीला."

सिसिलियानं वाकून गाडी बघितली. मग तिनं छातीवर हात ठेवला. "उंबराचं पाणी! अगं बायांनो, या गं! या हिंदू पोराला आपला रिवाज ठाऊक आहे! नवऱ्याला घालतात तशी गाडीला आंघोळ घालतोय!"

लग्नाआधी वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं आणि नवरा-नवरीला त्यानं न्हाऊ घालायचं, हा तिथल्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती मंडळींचा जुना रिवाज. मग काय! मांडवातल्या सगळ्या बायका लुगडी खोचून धावल्या. बँडवाले सकाळपासून थंडीत कुडकुडत बसले होते, त्यांनी संधी साधून जोरात वाजवायला सुरुवात केली. आत फादरनी दचकून प्रवचन आवरतं घेतलं.

"पण उंबराचं पाणी विहिरीचं पायजे!" सिसिलियाला आठवलं. "गार!" आणि दोन बायका विहिरीकडे धावल्यासुद्धा.

"नको!" जयवंत किंचाळला. आता एका बाजूनं तो गरम ओततोय, दुसऱ्या बाजूनं बायका गार ओततायत, वितळलेलं पुन्हा थिजतंय! "मावशी, गरमच घाला! म्हातारी गाडी आहे, सर्दी होईल तिला!"

हे मात्र बायकांना पटलं. म्हाताऱ्या नवऱ्याला कोण थंडीत गार पाण्यानं आंघोळ घालतं? हंडाच्या हंडा उचलून आणला. गाणी सुरू झाली. कुणीतरी गाडीच्या दिव्याला हळदसुद्धा लावली. चर्चचं दार उघडलं तेव्हा वाफांच्या ढगात उभी असलेली मोटारसायकल, तिच्याभोवती नाचणाऱ्या बायका आणि मध्ये नखशिखांत भिजलेला जयवंत, असं दृश्य होतं.

ह्युबर्ट अंकल कोटात, सेराफिना आंटी लाल लुगड्यात, केसांत फुलं. त्या गाडीपाशी आल्या आणि बाजारात मासळी दाबून बघावी तसं त्यांनी हँडल दाबलं. जयवंतनं डोळे मिटले. हँडल अलगद खाली गेलं आणि अलगद वर आलं!

"बसते," आंटी म्हणाल्या.

मिरवणूक निघाली. पुढं बँड, मागं गाव आणि शेजारून धावणारा जयवंत. पहिला खड्डा आला, गाडी नुसती डुलली. दुसरा आला, पुन्हा डुलली. आंटी पाळण्यात बसल्यासारख्या बसल्या होत्या, दोन्ही हात सोडून लोकांना टाटा करत! जयवंतची छाती इतकी फुगली की ओल्या शर्टाचं एक बटण तुटलं.

घर आलं. आंटी हसत उतरल्या आणि बायकांच्या घोळक्यात शिरल्या. अंकल मात्र गाडीवरच बसून राहिले. चेहरा एवढासा!

"काय झालं अंकल? धक्का बसला?"

"नाय बसला ना! तेच तर!" अंकलनी त्याला बाही धरून बदकांच्या खुराड्यामागं ओढलं. "जयवंता, आमचं लग्न ठरलं तेव्हा आमी एकमेकांशी धड बोललोबी नव्हतो. चर्चमधून निघालो तर ही मागं अशी लांब बसलेली. शॉकअप तेव्हाबी कडक. पहिला खड्डा आला आणि तिनं मला घट्ट धरलं. मग सगळ्या रस्त्यानं मी खड्डे शोधत आलो! आज म्हटलं, परत एकदा... आणि आज ती काय करते? लोकांना टाटा!"

जयवंतला भडभडून आलं. त्यानं सगळं सांगून टाकलं. खोबरेल, थंडी, पांढरा दगड, गरम पाणी, सगळं. आता शिव्या पडणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला.

"म्हणजे," अंकल हळूच म्हणाले, "सकाळी थंडीत गाडी दगड असते?"

"दगड, अंकल."

"आणि तू तिला गरम पाणी घातलंस? गाढवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी जयवंत आणि सुगंधा गॅलरीत चहा पीत उभे होते. खाली धाड, धाड, धाड असा आवाज आला. ह्युबर्ट अंकल मोटारसायकल घेऊन निघाले होते, आणि चांगला रस्ता सोडून नेमके प्रत्येक खड्ड्यातून जात होते. मागं सेराफिना आंटी, दोन्ही हातांनी त्यांना गच्च धरून, "मेल्या म्हाताऱ्या, हळू!" असं ओरडत होत्या.

जयवंत दचकून मागं सरला. पण आंटींनी त्याला बघितलंच. इमारतीखाली अंकलना गाडी थांबवायला लावून त्यांनी मान वर केली. अंकलच्या कमरेभोवतीचे हात तसेच होते.

"जयवंता! गाडी झकास केलीस रे!" त्या ओरडल्या. "फक्त ऊन चढलं की बिघडते. तेवढं बघ!"