भूल देणारा जोडीदार

ताईने एखादं काम अंगावर घेतलं की ते फत्ते झालंच म्हणून समजा! म्हणजे, असं ताई म्हणते. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, यावर वर्तमानपत्र वर उचलतात आणि त्याच्या आड जातात. शेजारच्या मुलीला नोकरी कोणी लावून दिली? ताईने! ती मुलगी महिन्याभरात नोकरी सोडून घरी बसली, ती गोष्ट वेगळी. गच्चीवरच्या टाकीची गळती कोणी थांबवली? ताईने! तेव्हापासून टाकीत पाणीच चढत नाही, तीही गोष्ट वेगळी.

तर अशा ताईला एका सकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला.

ही धाकटी डॉक्टर. चांगली हुशार. पण शिकून सवरून शहरात झोकात दवाखाना थाटायचा सोडून बाईसाहेब गेल्या डोंगरापलीकडच्या एका धर्मादाय इस्पितळात. तिथे पेशंट पायी येतात, वीज मनात आलं तर येते, आणि फोनला रेंज हवी असेल तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. तशी ती चढली, एका हाताने कठडा धरला आणि ओरडून बोलली ते असं: "ताई, मी रविवारी येतेय! आपले जुने मित्रमैत्रिणी, मदत पाठवणारे सगळे, एकत्र बोलाव, मला भेटायचंय! आणि एक महत्त्वाचं. आमचा भूल देणारा डॉक्टर सोडून गेला. ऑपरेशनं बंद पडलीत, लोक दारातून परत जातायत. एकटीने होत नाही गं! भूल देणारा जोडीदार हवाय. तिकडे कोणी मिळतो का बघून ठेव. वय कितीही चालेल, रात्रीअपरात्री उठायची तयारी हवी!"

टाकीवर वारा भणाणत होता. ताईच्या कानापर्यंत पोचलं ते एवढंच: "रविवारी येतेय... सगळे बोलाव... सोडून गेला... एकटीने होत नाही गं... जोडीदार हवाय... बघून ठेव... वय कितीही चालेल... रात्री..."

आणि फोन कट!

ताई मटकन खुर्चीत बसली. मग ताडकन उठली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अहो, ऐकलंत का! ती तयार झाली!"

"कशाला?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

"लग्नाला! इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, तर म्हणायची, मला वेळ नाही. आज स्वतःच्या तोंडाने म्हणाली, जोडीदार बघून ठेव! कोणीतरी होता वाटतं, तो मेला सोडून गेला."

"परत फोन लावून नीट विचार ना."

"विचारायचं काय त्यात? एवढ्या मोठ्या डॉक्टरला बहिणीपुढे हे बोलताना किती जड गेलं असेल! पुन्हा वदवून घेऊ तिच्याकडून? काही जनाची नाही तर मनाची!"

भाऊजी पुन्हा आड गेले.

खरं सांगायचं तर ताईच्या जिवाला तोच एक घोर होता. धाकटी तिथे एकटी. दिवसभर दुसऱ्यांच्या कपाळावर हात ठेवून ताप बघायची, पण हिला ताप आला तर हिच्या कपाळावर हात कोण ठेवणार? हा विचार मनात आला की ताई भरल्या ताटावरून उठायची. आता तो घोर मिटणार होता, आणि तोही ताईच्या हस्ते! रविवारपर्यंत तिने घर डोक्यावर घेतलं. पडदे धुतले. भाऊजींना धुतलं नाही एवढंच.

आणि स्थळं? एक नाही, दोन मिळवली! एक गादीवाले. बाजारात गाद्यांचं मोठं दुकान, स्वभाव तसाच, मऊ. दुसरे निवृत्त प्राध्यापक. इतिहासाचे. बोलायला लागले की शतकं मागे जायचे. दोघंही विधुर, दोघंही सज्जन, आणि दोघांनाही ताईने बजावून ठेवलं होतं, "पहिल्याच भेटीत लग्न हा शब्द काढू नका, ती बुजेल. कामाचं बोला. तिला कामाचं बोलणारी माणसं आवडतात."

शिवाय धाकटीचे सगळे हितचिंतक बोलावलेले. जुन्या औषधांच्या पेट्या भरून पाठवणारे कंपाउंडरकाका, ऑपरेशनचे गाऊन शिवून पाठवणाऱ्या शिवणकामवाल्या मावशी, शाळेतल्या मैत्रिणी, गल्लीतले सगळे. ताईने प्रत्येकाच्या कानात "कोणाला सांगू नका हं" असं म्हणून बातमी सांगितली होती. त्यामुळे ती सगळ्यांना माहीत होती.

रविवारी सकाळी धाकटी आली. हातात एक पिशवी, पायांत झिजलेल्या चपला, चेहरा उन्हाने रापलेला आणि हसू मात्र तेच, कान ते कान! दोघी बहिणी दारातच गळ्यात पडल्या. रिक्षावाला सुट्ट्या पैशांसाठी ताटकळत उभा राहिला.

"तू सांगितलंस ते काम केलंय!" ताई तिच्या कानात कुजबुजली. "दोघं येणार आहेत!"

"दोघं?" धाकटीने तिला गदागदा हलवलं. "ताई, अगं एकाची मारामार असते! तू आहेस तरी कोण! अनुभव आहे का त्यांना?"

"आहे तर! दोघांनाही. चांगला वीसपंचवीस वर्षांचा."

"मग सोडलं का?"

"सोडलं कुठलं! दोघांच्याही गेल्या बिचाऱ्या."

धाकटीचा चेहरा उतरला. "गेल्या? टेबलावर?"

"टेबलावर कशाला? घरीच."

"घरी कशाला करायला गेले हे?"

ताईला हे जरा चमत्कारिक वाटलं. पण डॉक्टर लोकांचं बोलणं असंच, म्हणून तिने सोडून दिलं. तेवढ्यात मैत्रिणींचा घोळका "आली, आली" करत आत घुसला आणि धाकटी त्यात दिसेनाशी झाली.

दुपारपर्यंत घर गच्च भरलं. काय तो कल्लोळ! धाकटी प्रत्येकाला मिठी मारत होती, इस्पितळाचे फोटो दाखवत होती. "मावशी, हा बघा तुमचा गाऊन! याच गाऊनमध्ये जुळी काढली मी!" मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "आता तुझाही संसार होऊ दे गं बाई." धाकटीला वाटलं, मावशी वयोमानाने काहीबाही बोलतायत. कंपाउंडरकाका उगाचच तिच्याकडे बघून डोळे मिचकावत होते. धाकटीने त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

मग गादीवाले आले. ताईने त्यांना आणि धाकटीला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः चहाचा ट्रे घेऊन पडद्यामागे उभी राहिली. ट्रे निमित्ताला.

"तुमचं काम मला फार महत्त्वाचं वाटतं," धाकटी म्हणाली.

गादीवाले लाजले. "लोकांना त्याची किंमत नसते हो. पण माणसाला नीट झोप लागणं..."

"हेच! हेच मी सगळ्यांना सांगते! किती वेळात झोपवता?"

"आमच्याकडे माणूस आडवा झाला की पाच मिनिटांत घोरतो."

"पाच मिनिटं? आणि पाठीत देता का?"

"पाठीसाठी तर खास! पाठीला एकदम आराम. कमरेखाली काही जाणवतच नाही!"

"वा! लहान मुलांना?"

"मुलांना छोटी साइज देतो."

धाकटी क्षणभर थांबली. पण "बरोबर आहे, डोस कमीच लागतो," असं म्हणून तिने त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. पडद्यामागे ताईच्या हातातले कप किणकिणले. हात धरला! पहिल्याच भेटीत!

गादीवाले तरंगत बाहेर आले आणि प्राध्यापक आत गेले. ताई पुन्हा कान लावणार, तोच दारावरची घंटा वाजली.

दारात एक टक्कल पडलेला, झोपाळू डोळ्यांचा गृहस्थ उभा. शेजारी एक ठसठशीत बाई.

"मी तिच्या कॉलेजमधला," गृहस्थ म्हणाला. "ती आज इथे भेटेल असं कळलं. तिने मला मागे विचारलं होतं, येतोस का म्हणून. तेव्हा मी म्हटलं, बायकोला विचारून सांगतो."

"बायकोला?" ताईचा आवाज चढला.

"ही माझी बायको."

"माझी काही हरकत नाही हो!" बाई मोकळेपणाने म्हणाली. "मी म्हटलं, जा तिच्याकडे! वर्षभर राहून बघ. जमलं तर पुढचं पुढे."

ताईने दाराची चौकट धरली.

"मुलांनाही सांगितलं," गृहस्थ म्हणाला. "त्यांनी तर टाळ्या वाजवल्या."

"आणि मीही अधूनमधून जाऊन राहीन की त्यांच्यात," बाई म्हणाली. "एकमेकांना सांभाळून घेऊ. शेवटी गरज दोघांनाही आहे."

"लाज नाही वाटत?" ताई अशी कडाडली की आतल्या घोळक्यातला आवाज बंद झाला. "तोंड वर करून जोडीने आलात! माझी बहीण काय रस्त्यावर पडलीय? चालते व्हा! आधी चालते व्हा!"

आणि धाडकन दार लावलं.

आत आली तेव्हा तिची मान ताठ होती. बहिणीचा केवढा मोठा घात तिने टाळला होता! पण आतल्या खोलीतून धाकटी डोकं धरून बाहेर येत होती आणि तिच्या मागून प्राध्यापक गोंधळून.

"ताई! मी यांना विचारलं, तुम्ही माणसाला किती वेळ निवांत ठेवू शकता. तर म्हणाले, जन्मभर! अगं, हे इतिहास शिकवतात!"

"मग? इतिहास काय वाईट आहे? माणूस निर्व्यसनी आहे."

"आणि ते दुसरे गाद्या विकतात!"

"स्वतःचं दुकान आहे! तूच म्हणालीस ना जोडीदार बघ म्हणून?"

"भूल देणारा जोडीदार, ताई! ऑपरेशनच्या आधी भूल देणारा डॉक्टर! आमची शस्त्रक्रियेची खोली कुलूप लावून पडलीय. मी त्याच्यासाठी आलेय!"

घरात एवढी शांतता पसरली की वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. भाऊजी प्रथमच पूर्ण दिसले.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले, "परत फोन लाव."

ताईने दाराकडे बघितलं. "आत्ता दारात एक जण आला होता," ती चाचरत म्हणाली. "टक्कल पडलेला. पेंगुळलेला. म्हणाला, बायकोची हरकत नाही."

धाकटीने किंकाळीच फोडली. "झोप्या! ताई, तो झोप्या! वर्गात झोपायचा म्हणून आम्ही नाव ठेवलं आणि शेवटी तो भूल देणारा डॉक्टरच झाला! त्याच्याइतका चांगला माणूस शोधून सापडणार नाही! काय सांगितलंस त्याला?"

"चालते व्हा," ताई पुटपुटली.

"बसने आले असतील! धाव!"

गादीवाल्यांचा टेम्पो दारातच उभा होता, मागे नव्या कोऱ्या गाद्या रचलेल्या. ते मघाशी तरंगत होते ते आता जमिनीवर आले होते, पण माणूस खरंच मऊ. "बसा मागे!" म्हणाले आणि टेम्पो सुरू केला. प्राध्यापक एकटेच बैठकीत उभे राहिले. जाता जाता ताई ओरडली, "पाहुण्यांशी जरा बोलत बसा हो!"

टेम्पो निघाला. प्रत्येक खड्ड्याला दोघी बहिणी गाद्यांवर हातभर उडत होत्या आणि पुन्हा पडत होत्या.

"रागावलीस?" ताईने हवेत असतानाच विचारलं.

"हो!"

"तू तिथे एकटी असतेस गं. तुला ताप आला तर..."

धाकटी सरकत तिच्याजवळ आली आणि तिने ताईचा हात उचलून स्वतःच्या कपाळावर ठेवला. "एवढ्यासाठी मला गादीवाल्याला देत होतीस होय?" ती म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या, हसता हसता रडल्या आणि पुढच्या खड्ड्याला दोघींनी एकदमच "आई गं!" केलं.

बसथांब्यावर ती दोघं उभीच होती. बस धुरळा उडवत येत होती. टेम्पोने बसच्या पुढ्यातच आडवा ब्रेक मारला. ताई गादीसकट खाली आली आणि तशीच, गादीवर बसूनच, तिने हात जोडले.

"माझी भूल झाली हो!"

"झाली काय, ताई?" धाकटी झोप्याच्या गळ्यात पडत ओरडली. "मिळाली!"

सगळा उलगडा झाला तेव्हा झोप्याची बायको इतकी हसली की तिला गादीवर बसवावं लागलं. बसचा ड्रायव्हर शिव्या देत निघून गेला. "आता तर मीही जाणार," बाई डोळे पुसत म्हणाली. "अधूनमधून नाही, कायमची! शाळामास्तरीण आहे मी, तिथेही मुलं असतीलच. आणि ताई, तुमच्या बहिणीला कणकण जरी आली ना, तर कपाळावर पहिला हात माझा!"

ताईला मग कोणी काही विचारू नये. ती तिच्या गळ्यात पडली ती सुटेचना.

वरात परत घरी आली. "पेढे नाहीत तर निदान चहा तरी!" म्हणत ताईने दार ढकललं आणि जागीच थबकली.

घर चिडीचूप. कंपाउंडरकाकांची मान मागे पडलेली, तोंड उघडं. मावशी सोफ्याच्या हातावर कलंडलेल्या. मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यावर. भाऊजी वर्तमानपत्र पांघरून घोरत होते. आणि या सगळ्यांच्या मध्यभागी उभे राहून प्राध्यापक अतिशय जिव्हाळ्याने बोलत होते.

झोप्या पुढे झाला. त्याने कंपाउंडरकाकांची नाडी बघितली. मावशींची पापणी हळूच वर करून पाहिली.

"श्वास संथ. नाडी उत्तम. आणि औषधाचा एक थेंब नाही!" तो धाकटीकडे वळला. "मला कशाला नेतेस? यांनाच ने!"

"अहो, पण एवढ्यात कुठे?" प्राध्यापक दुखावून म्हणाले. "मी अजून प्रस्तावनेवरच आहे!"

त्यांचं मन मोडायला नको, म्हणून ताई ऐकायला जरा टेकली. पुढचं तिला काहीही आठवत नाही.