हळू बोला, चाटू दचकतात

धुळ्याच्या बसस्टँडवर ज्या माणसाच्या आवाजानं बाकड्यावर पेंगणारे प्रवासी खडबडून उभे राहायचे, तो माणूस घरात बायकोशी कुजबुजत भांडायचा. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हातातलं पातेलं सुटायचंच बाकी होतं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला लग्न होऊन मी पाचोऱ्याहून धुळ्याला आले. बसमधून पाय खाली ठेवते तोच भोंग्यातून गर्जना झाली, "साक्रीवाले झोपले का? गाडी निघाली!" शेजारच्या म्हातारीच्या हातातलं केळं खाली पडलं.

"हे आपले शेजारी," नवरा कौतुकानं म्हणाला. "भास्करनाना. स्टँडवर कंट्रोलर आहेत. त्यांची आपली भिंत एकच."

मला धडकीच भरली. पण त्या भिंतीपलीकडून आवाज म्हणून येईना. शेवटी एकदा विरजण मागायच्या निमित्तानं मी त्यांच्या दारात गेले. आत नाना आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, समोरासमोर उभे. हातवारे जोरात, चेहरे लाल, आणि आवाज मात्र उशाशी आजारी माणूस असल्यासारखा.

"वरणात मीठ किती ओतलं!" नाना कुजबुजले.

"तुमची जीभच खारट झाली!" अक्काही तशाच कुजबुजल्या.

मला वाटलं, घरात कुणीतरी गेलं. मी घाबरून विचारलं, "काय झालं हो?"

नानांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कोपऱ्याकडे दाखवलं. "हळू बोल, बेटा. चाटू दचकतात."

कोपऱ्यात लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीची माशांची काचेची पेटी होती. मासे म्हटल्यावर मी लाल-सोनेरी काहीतरी शोधू लागले. तर काचेला तोंड लावून बोटाएवढे, मातकट रंगाचे, मिशीवाले जीव चिकटलेले. पाठ पलीकडे, पोट आमच्याकडे. तोंड सारखं हलतंय. काचेवरचं शेवाळ खरवडून खाणारे हे मासे. दुकानदार त्यांना सकर म्हणत, नाना चाटू म्हणत.

"आमच्या ऑफिसातबी चाटू भरपूर," नाना म्हणाले. "पण हे बरे. काच तरी साफ करतात."

लोक पेटीतलं शेवाळ घासून काढतात. नाना ते पिकवत. सकाळच्या उन्हाची तिरीप काचेवर यावी म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा कायमचा काढून टाकला होता. "ती त्यांची शेती शे," म्हणत. शेती कमी पडली तर गिलक्याच्या चकत्या नरम उकडून, दगडाला दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडत. उरलेल्या गिलक्यांची भाजी घरातल्या माणसांना.

हे मासे मुंबई गाडीच्या एका ड्रायव्हरनं पिशवीतल्या पाण्यातून आणून दिले होते. देताना तो म्हणाला होता, "नाना, यांच्यापुढे तुमचा आवाज लावू नका. काचेवर आपटून मरतील." त्यानं थट्टा केली असणार. नानांनी तो कायदा केला.

मग त्या घरात कपाटाची दारं कापडाच्या चिंध्या लावून बंद होऊ लागली. भाजीवाला गल्लीत आला की नाना अनवाणी धावत बाहेर जायचे आणि त्याच्या कानाशी लागून वांग्यांचा भाव करायचे. भाजीवालाही त्यांच्या कानात उत्तर द्यायचा. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे दोघं काही चोरीचं विकतात का हो?"

कुकरचा प्रकार तर मी जन्मात विसरणार नाही. एका सकाळी अक्का डाळतांदूळ भरलेला कुकर घेऊन आमच्या दारात उभ्या.

"तुझ्याकडे लावते, सुनंदा. आमच्याकडे शिट्टी चालत नाही."

तेव्हापासून त्यांच्या शिट्ट्या आमच्या घरात होऊ लागल्या.

पुढच्या वैशाखात एक दिवस वीज गेली ती दिवसभर आलीच नाही. पेटीतली हवेची मोटर बंद पडली. पाणी हाताला कोमट लागायला लागलं. नानांनी रजा टाकली, पेटीभोवती ओली गोणपाटं गुंडाळली आणि तांब्यानं पाणी वर घेऊन पुन्हा आत सोडत बसले. जेवायला उठले नाहीत. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांचं चाललं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत चाटू एकेक करून काचेवरून सुटले आणि तळाशी पडले.

"बठ्ठा गयात, एकबी राहिला नाही," नाना म्हणाले. तेही कुजबुजतच.

आम्ही गल्लीतले लोक कान टवकारून राहिलो. आता बांध फुटणार, आता स्टँडवरचा आवाज घरी येणार. पण दिवस गेले, आठवडे गेले, अक्कांचा कुकर आमच्याच शेगडीवर. शेवटी मी म्हटलं, "अक्का, मासे तर राहिले नाहीत. आता कुकर घरी लावा ना."

अक्का ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "माशांचं निमित्त व्हतं, सुनंदा. आमचा प्रमोद घर सोडून गेला तवापासून ते घरात मोठ्यानं बोललेच नाहीत. मासे आले, मग लोकांना सांगायला कारण झालं."

त्यांना मुलगा आहे हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

प्रमोद बारावीला नापास झाला तेव्हा निकाल सांगायला थेट स्टँडवर गेला. नाना केबिनमध्ये होते. संतापले, वाटेल ते बोलले. नालायक म्हणाले, तोंड दाखवू नको म्हणाले. माईक चालू राहिला होता. अख्ख्या स्टँडनं ते ऐकलं. त्याचे मित्र ऐकत होते, मास्तर ऐकत होते. पोरगा मुकाट्यानं समोरच्या सुरत गाडीत जाऊन बसला.

"आणि ती गाडी सुटतेय म्हणून," अक्का म्हणाल्या, "यांनीच माईकवरून सांगितलं. यांना काय ठाऊक, आत कोण बसलंय."

कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघीही दचकलो.

दिवाळीनंतर एके दुपारी अक्कांनी मला चहाला हातभार लावायला बोलावलं. बाहेरच्या खोलीत उंचापुरा एक माणूस, त्याची बायको आणि लहानशी मुलगी. साक्रीला कुणाच्या तरी लग्नाला आले होते. सूनबाईंनी हट्ट धरला म्हणून इथे उतरले. नाना खुर्चीत ताठ. बाप-लेक एकमेकांकडे न बघता पाऊसपाण्याचं बोलत होते.

मुलीनं सरबताचा ग्लास उचलला, तो निसटला आणि फरशीवर फुटला.

"अक्कल नाही का तुला?" प्रमोद ओरडला.

तो आवाज मी ओळखत होते. साक्रीवाल्यांना उठवणारा, केळं पाडणारा, तोच. पोरगी रडलीसुद्धा नाही. भिंतीला चिकटून उभी राहिली, डोळे मिटून.

नाना उठले. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हळू, भो. मी एकदा मोठ्यानं बोललो, घर बठ्ठं रितं झालं."

प्रमोद खाली बसला आणि काचा वेचू लागला. त्याला पुढचं दिसत नसावं, कारण दोनदा त्यानं काच सोडून नुसती फरशीच चाचपली. नाना मागच्या अंगणात निघून गेले. पोरीनं हळूच डोळे उघडले, आईकडे पाहिलं, आणि नानांच्या मागे गेली.

थोड्या वेळानं अंगणातून खणखणीत आवाज आला. त्या घराण्याचाच आवाज, फक्त बारीक. "आजोबा! तुम्ही रडता का?"

अक्का तिला गप्प करायला धावल्या. मी त्यांच्या मागे. नाना जमिनीवर उकिडवे बसले होते, गाल ओले, आणि नातीपुढे त्यांनी आपला कान केला होता.

"अजून मोठ्यानं बोल, बेटा," ते तिला सांगत होते. "माले ऐकू येत नहीं."