शेऱ्याचा रकाना

बद्रीनाथरावांनी दवाखान्याच्या कागदावर पट्टी ठेवून एक जादा रकाना आखला, तिथंच सगळं बिघडलं. छापील रकाने तीनच होते: वेळ, काय करत होता, त्रास. पण पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला शेऱ्याचा रकाना नसलेला कागद उघडाबोडका वाटतो. (निवृत्तीनंतर ते दूधवाल्याच्या कॅलेंडरवरही शेरे लिहायचे. दूधवाला दोनदा बदलला.)

मूळ भानगड गोळीची. शहरातल्या एका दवाखान्यात बीपीच्या गोळ्यांचा अभ्यास चालू होता. लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या दोन गोळ्या, त्यातली सरस कोणती ते शोधायचं. कुणाला कोणती दिली हे पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. बद्रीनाथरावांना एवढंच ठाऊक होतं, की आपल्या वाट्याची गोळी लई इमानदार आहे. सकाळी आठला घेतली की बारापर्यंत माणूस घरातल्या एकाच खोलीचा. आणि येत्या रविवारी लेकीच्या, तनुजाच्या, होणाऱ्या सासरच्यांबरोबर एकाच गाडीत नाशिकला जायचं होतं, साखरपुड्याचा हॉल बघायला. व्याह्यासमोर घटकेघटकेला 'जरा गाडी थांबवता का' म्हणायची त्यांना भयंकर लाज वाटत होती.

अभ्यासाचं काम बघणारी सायली म्हणाली, "काका, चोवीस तास हे मशीन लावा. सरासरी चांगली आली तर गोळी अर्धी. वाढलेली आली तर डबल."

मशीन कमरेला, पट्टा दंडाला. दर अर्ध्या तासाला पट्टा आपोआप फुगणार. तेवढा वेळ हात सरळ ठेवायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही. मग त्या वेळी काय करत होतो ते दवाखान्याच्या कागदावर लिहायचं.

घरी येताच पत्नी द्वारकाबाईंनी पदर खोचला. "आज तुम्हाला कुणी काही बोलायचं नाय. मी हाय ना." आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. "शांत राहा. वाटणीचं मनात आणू नका. तुमचा भाऊ त्या दिवशी काय बोलला, ते तर अजिबात आठवू नका."

बद्रीनाथरावांना ते तोवर आठवलं नव्हतं. आता शब्दन्‌शब्द आठवलं.

साडेअकराच्या सुमारास शेजारच्या कडूबाई डझनभर केळी घेऊन आल्या. मशीन लावलंय म्हटल्यावर माणूस आजारीच, आणि आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं? "आमच्या दिरालाबी असंच लावलं होतं," त्या म्हणाल्या.

"मग? आता बरे आहेत का?" बद्रीनाथरावांनी विचारलं.

"केळं खा तुम्ही," कडूबाई म्हणाल्या. तेवढ्यात पट्टा फुगला.

चिडून करतात काय? हाताशी रकाना होता. ते इमानेइतबारे लिहीत गेले.

दुसऱ्या दिवशी मशीन परत करायला द्वारकाबाईही सोबत आल्या. डॉक्टरांनी आलेख बघून मान हलवली. "सरासरी काठावर आहे. पण मध्ये एक तास बघा, एकदम फर्स्ट क्लास. एकशे अठरा, शहात्तर. काय केलंत तेव्हा? रोज करत जा. सायली, वाच गं."

बद्रीनाथरावांनी कागदाकडे हात नेला, पण सायलीनं तो आलेखाशेजारी धरून खणखणीत आवाजात सुरुवात केली होती.

"सकाळी साडेनऊ, बीपी एकशे अठ्ठावन्न. शेरा: मिसेस 'शांत राहा' असे सांगत आहेत. दहा वाजता, एकशे बासष्ट. शेरा: सदर सांगणे चालू. साडेअकरा, एकशे सत्तर. शेरा: कडूबाई हजर. दिराबाबत खुलासा टाळला. साडेचार, एकशे अठरा. शेरा: मिसेस पिठाच्या गिरणीवर. पाच वाजता, एकशे सोळा. शेरा: अद्याप गिरणीवर. समाधानकारक."

डॉक्टर उगाच चष्मा पुसायला लागले.

"मशीन परत लावा," द्वारकाबाई शांतपणे म्हणाल्या. "काठावर हाय म्हणता ना? मी आत्ताच्या गाडीनं पिशोरला जाते, भावाकडं. ह्यांची खरी सरासरी निघू द्या."

डॉक्टरांना ते पटलं. खरं सांगायचं तर बद्रीनाथरावांनाही पटलं. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी अर्धी गोळी आणि नाशिकचा सरळ रस्ता डोळ्यांसमोर आणला.

घरी येऊन त्यांनी चहा टाकायला घेतला. चहाच्या डब्यात तूरडाळ निघाली. डाळीच्या डब्यात रवा. साखरेच्या डब्यात जुनी बिलं आणि एक टेस्टर. द्वारकाबाईंना फोन लावला, उचलला नाही. शेवटी भांडंभर दूधच गॅसवर ठेवलं. ते वर यायला आणि पट्टा फुगायला एकच गाठ पडली. हात सरळ, हलायचं नाही. नियम म्हणजे नियम. खात्यात त्यांनी कधी नियम मोडला नव्हता. दूध वर आलं, उतू गेलं, गॅस विझला, ओट्यावरून खाली गळायला लागलं, तरी बद्रीनाथराव सरळ हातानं नुसते बघत राहिले. मग पट्टा सैल झाला. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि फरशी पुसता पुसता पुन्हा फोन लावला. दिवसभरात अकरा वेळा लावला. एकदा भाच्यानं उचलला आणि म्हणाला, "आत्या म्हणते, मी गिरणीवर हाय."

सरासरी आली एकशे एकाहत्तर. डॉक्टरांनी गोळी डबल केली.

रविवारी गाडी नाशिकला पोचेपर्यंत नऊ वेळा थांबली. दर वेळी बद्रीनाथराव खाली मान घालून उतरायचे, आणि ते लांब गेले की द्वारकाबाई पर्समधून दोन्ही दिवसांच्या रिपोर्टची झेरॉक्स काढून विहीणबाईंना पुढचं पान वाचून दाखवायच्या. येवल्याच्या पुढं तर बद्रीनाथरावांना थांबायचं नव्हतं. तरी व्याह्यांनी आपणहून गाडी बाजूला घ्यायला लावली आणि म्हणाले, "भाऊ, जाऊन या की जरा. दोन पानं राहिलीत."